हवा कमी होती

परशराम सरांना हळू बोलता येत नसे. आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक आणि मी मराठीची. माझा वर्ग वरच्या मजल्यावर, त्यांचं मैदान खाली. कविता अगदी रंगात आलेली असायची आणि खिडकीतून आवाज यायचा, "अगं पळ की! पाय हायत का खांब रोवल्यात?" सगळा वर्ग खिडकीकडे वळायचा आणि मीही वळायचे. मैदानावर मुलींचा खो-खो चाललेला असायचा आणि रेषेच्या बाहेरून, मुलींपेक्षा जास्त, सर पळत असायचे. सडपातळ अंग, डोक्यावर पांढरी टोपी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. खेळणाऱ्या मुली दमून बसायच्या, हे मात्र उभेच.

खो-खो त्यांच्या डोक्यातून कधी उतरायचाच नाही. हेडमास्तरांची मीटिंग लांबली की ते मागच्या बाकावरून म्हणायचे, "सर, डाव संपला." भाजीवालीने वजनात हात आखडता घेतला की "आक्का, फाउल!" एकदा आमच्या एका शिक्षिकेच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधीच लोकांनी अक्षता फेकायला सुरुवात केली. सर मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा, थांबा! शिट्टी व्हायची हाय अजून!" भटजींनासुद्धा हसू आवरलं नाही. त्यांची बायको, जिला सगळा काकती गाव लक्ष्मी आक्का म्हणायचा, पदर तोंडाला लावून मागच्या रांगेत जाऊन बसली.

निवृत्तीच्या दिवशी सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, "रिटायर म्हंजे काय? परत टायर घालून पळायचं!" हा विनोद आमच्याकडे प्रत्येक निरोप समारंभात कुणीतरी करतंच. पण सरांनी तो खरा केला. पुढच्याच महिन्यात एक जुनी व्हॅन शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून पांढरी टोपी बाहेर आली.

"बाई, या, बघा तर! घरावर स्लॅब टाकायचा होता तो ऱ्हायला. ही घेतली!"

ती का घेतली, हे मला माहीत होतं; निवृत्त झाले तरी खो-खोचा संघ सरांच्याच हातात होता. आमच्या संघात बऱ्याच मुली काकतीच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या. बेळगावात सामना असला की येत. पण निपाणी, चिकोडी, धारवाड म्हटलं की घरचे पाय मागे घ्यायचे. परतायला अंधार होणार, बस मिळेल न मिळेल, पोरीची जात. दरवर्षी एक-दोन चांगल्या मुली अशाच गळायच्या आणि सर दरवर्षी नव्याने चिडायचे. आता ते प्रत्येक घरी जाऊन सांगायला लागले, "दारातनं नेतो आनि दारात आणून सोडतो. बाई बी हायत संगं." त्यातल्या बाई म्हणजे मी. मला न विचारताच त्यांनी मला संघात घेतलं होतं.

रेणुका ही त्या वर्षीची आमची कप्तान. तिचे वडील यल्लाप्पा उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. कमी बोलणारा, काही विचारलं की आधी जमिनीकडे बघणारा माणूस. सर त्यांच्या घरी कितीदा गेले असतील कोण जाणे. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुमच्या जबाबदारीवर." सर उड्या मारत घरी आले.

आणि मग ती निपाणीची सहल. मी सहल म्हणते, कारण गाडी सुटल्यापासून मुली गात होत्या. सकाळची वेळ, हत्तरगी मागे गेलं, संकेश्वर मागे गेलं, दोन्हीकडे उसाचे आणि तंबाखूचे मळे. सर गाडी चालवता चालवता दरवाज्यावर हाताने ठेका धरून मुलींच्या वर आवाज काढत होते. चढ संपून तवंदी घाट उतरायला लागलो तेव्हा मागून धप-धप असा आवाज यायला लागला. "सर, काय वाजालंय?" असं कुणीतरी म्हटलं आणि त्याच क्षणी धाडकन स्फोट झाला. गाडी एका बाजूला झुकली. मुली एकमेकींवर पडल्या. मी समोरचा दांडा धरला आणि मला दिसली ती घाटाच्या कडेची कठड्याची पट्टी, आमच्याकडे येणारी.

सर ओरडले नाहीत. मला ते आठवतं, कारण मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं, ब्रेकवर पाय दाबला नाही, गाडी हळूहळू मंद होऊ दिली आणि कठड्याला जवळजवळ चिकटून ती थांबली. मग मात्र कंठ फुटला, "खाली! सगळ्या खाली! कठड्याच्या पलीकडं! रेणुका, मोज सगळ्यांना!"

मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुली एकमेकींना घट्ट धरून हसत होत्या. ट्रक घोंघावत जात होते. सरांनी जॅक लावला. रेणुकाने पाना धरला. नट घट्ट बसले होते, तर तीन मुली पान्यावर एकत्र उभ्या राहिल्या. स्टेपनी बसली, हात काळे झालेले, आणि सर घड्याळ बघून किंचाळले, "वॉकओव्हर देतील गं बया! बसा, बसा!"

आम्ही निपाणीच्या मैदानात शिरलो तेव्हा पंच आमचं नाव खोडायच्या बेतात होते. ग्रीस लागलेल्या हातांनीच मुली मैदानात उतरल्या. तो सामना मी विसरणार नाही. रेणुकाने अशी काही पळापळ केली की समोरच्या संघाची शेवटची मुलगी खांबाला धरून रडायला लागली. जिंकलो! परतताना सर प्रत्येक मुलीच्या दारात गाडी थांबवून दोन्ही बातम्या एका दमात सांगत होते, "जिंकलो! आनि टायर फुटला! नवाकोरा टायर! कंपनीनं फसवलं!"

टायर खरंच नवा होता. पावसाळ्यानंतरच घातलेला. सर तो घेऊन दुकानात गेले. दुकानदार शेट म्हणाला, "मास्तर, हवा कमी ठेवली असणार. वॉरंटीत बसत नाही."

बाहेर आले तर तिथं इस्माईलभाई. निपाणीहून बेळगावच्या बाजाराला भाजीची व्हॅन आणणारे. त्यांच्याही बगलेत टायर, त्याच दुकानातला, त्याच कंपनीचा. वरचं रबर पोळीसारखं सुटून वर आलेलं. त्यांनाही तेच उत्तर. मग शाळेची मुलं नेणारा शिवाप्पा भेटला. त्याच्या टायरला गळू आल्यासारखा फुगवटा, आणि त्याच्या गाडीत तर सगळी लहान पोरं. आठवडाभर सर बेळगावभर फिरून व्हॅनवाल्यांना गाठत होते. "तुमचा कुठला टायर? दावा बघू. दुकानदारानं काय सांगितलं?" सगळ्यांना एकच सांगितलेलं, हवा कमी. टायर कंपनीकडे तपासायला पाठवलाच नव्हता कुणाचा.

एका संध्याकाळी ते माझ्या खासबागेतल्या घरी आले. चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. "बाई, अर्ज लिवायचा हाय. तुमचं अक्षर चांगलं. त्या वॉरंटीच्या कार्डावरच छापलंय, तपासणी कंपनीचा माणूस करणार म्हणून. मग ह्यो शेट कोण निकाल देणारा? पंच न्हाय, कोण न्हाय, आनि सगळ्यांना बाद देत सुटलाय!"

मी अर्ज लिहिला. चहा निवून गेला, सर खोलीत येरझारा घालत मजकूर सांगत होते आणि माझा नवरा वर्तमानपत्राआडून हसत होता. कंपनीचं उत्तर आलं, तपासायला माणूस येतोय.

तो दिवस म्हणजे एक उत्सवच होता. दुकान उद्यमबागेच्या रस्त्यावर. व्हॅनवाल्यांनी गाड्या चौकात लावल्या आणि फाटलेले, फुगलेले टायर हातांनी गडगडवत दुकानाकडे न्यायला सुरुवात केली. पुढे सर. फौंड्रीची पाळी सुटायची वेळ. बसमधून उतरलेले कामगार थांबले, मोटारसायकली थांबल्या. कुणी विचारलं, "काय ओ मास्तर, मिरवणूक कसली?" सर म्हणाले, "सामना हाय! या बघायला!" आणि लोक खरंच आले. त्यात यल्लाप्पाही होता, कामाच्या कपड्यांत, कडेला उभा. मीही शाळा सुटल्यावर रिक्षा करून गेले. चुकवणं शक्यच नव्हतं.

कंपनीकडून आली होती एक तरुण इंजिनिअर. जीन्स, पायात जाड बूट, हातात टॉर्च. तिने शेटला खुर्ची बाजूला घ्यायला सांगितली आणि जमिनीवर बसून एकेक टायर पुढे ओढला. ती कन्नडमध्ये विचारायची, मराठीतही बोलायची. प्रत्येकाला तिचे तेच तीन प्रश्न ठरलेले होते. गाडी कशी चालवता, माल किती भरता, हवा शेवटची कधी तपासली.

इस्माईलभाई म्हणाले, "मॅडम, बाजाराला निघताना रोज. माझी रोजी त्याच्यावर चालते." शिवाप्पाने त्याच्या पंपवाल्यालाच बरोबर आणलं होतं. शेट मधेमधे बोलत होता, "हे सगळे असंच सांगतात मॅडम. हवा बघत कोणी नाही."

सरांचा टायर शेवटी. तो इतका फाटला होता की तिने दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाली, "ह्याचं काहीच कळत नाही. पण कंपनी तीच, एकाच वेळी बनलेला माल. बाकीच्यांचं ठरेल तेच ह्याचं धरू. हवा तपासली होती ना सर, निघताना?"

गर्दी सरांकडे बघत होती. मला वाटलं, सर शब्द जुळवतायत. पण त्यांनी टोपी काढली, हातात चुरगळली आणि त्या टायरकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं, जसं एखाद्याला अचानक चूल तशीच पेटती ठेवून आल्याचं आठवावं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझा ह्यात धरू नका."

"काय झालं सर?"

"हवा कमी होती. सकाळी बघितलंतं मी. मागचा डावा बसल्यागत दिसला. पंप उघडला नव्हता, म्हटलं संकेश्वरात भरूया. आनि संकेश्वर आलं तवा पोरी गात होत्या, मी बी गात बसलो. इसरलो. आत्ता तुमी विचारलं आनि समदं डोळ्यापुढं आलं. माझा आउट."

क्षणभर कुणाला कळेना. मग शेट टाळी वाजवून उठला. "ऐकलं? ऐकलं मॅडम? पुढारी स्वतः सांगतोय हवा कमी होती! हेच मी पहिल्यापासून सांगतोय. सगळ्यांचं हेच!"

शिवाप्पा सरांच्या अंगावर धावून गेला. "अवो सर, गप बसला असता तर काय जात होतं तुमचं? आमचं सगळं घालवलासा! पोरं भरून नेतो मी त्या गाडीतनं!" इस्माईलभाईंनी त्याला धरलं, पण त्यांचाही चेहरा पडला होता. गर्दीतून कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. मी यल्लाप्पाकडे बघितलं. तो नेहमीसारखा जमिनीकडे बघत नव्हता. सरळ सरांकडे बघत होता.

ती इंजिनिअर मात्र परत खाली बसली होती. तिने सरांच्या टायरची जी एक बाजू धड राहिली होती, ती शोधून काढली, आत हात घातला आणि आतून तळवा फिरवला. हात बाहेर काढला तर तळवा काळा कुळकुळीत, भुकटीने भरलेला. टॉर्च आत धरून तिने शेटला बोलावलं. आतल्या बाजूने गोल घासल्याची रेघ उमटली होती.

"हवा कमी असली की बाजू दुमडते आणि आतल्या आत घासते. हे त्याचं रबर." मग तिने दुसरा, स्वच्छ हात इस्माईलभाईंच्या टायरमध्ये घालून तसाच फिरवला आणि बाहेर काढला. स्वच्छ. शिवाप्पाच्या टायरमध्ये घातला. स्वच्छ. तिने दोन्ही तळवे शेटपुढे धरले. "ह्यांच्यात हवा कमी असती तर हा हातही असाच झाला असता. ह्यांचं वरचं रबर आतल्या तारांना नीट चिकटलेलंच नाही. हा दोष आमच्या कंपनीचा आहे."

आणि तो कल्ला! शिवाप्पाने आधी इस्माईलभाईंना उचललं, मग धावत जाऊन सरांना मिठी मारली. "सर, तुमचा बाद झाला म्हणून आमचा राहिला बघा!" लोक शिट्ट्या मारत होते. शेट घाम पुसत इंजिनिअरबाईसाठी थंड मागवत होता. सगळ्यांना टायर बदलून मिळणार होते, सर सोडून सगळ्यांना, आणि टाळ्या सगळ्यात जोरात सरच वाजवत होते.

पण माझ्या मनात यल्लाप्पाचा चेहरा होता. आणि सरांच्याही असणार. गर्दी ओसरल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तुमी येतासा काकतीला? मी त्या लोकांना कंपनीनं फसवलं म्हणून सांगून बसलोय. आता प्रत्येक घरी जायाला पायजे."

आम्ही गेलो. प्रत्येक दारात सर एकच वाक्य म्हणायचे, चुकी माझी होती, कंपनीची न्हाय, पोरी माझ्यामुळं धोक्यात आल्या. एका आईने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. एका आजोबांनी सरांना बराच वेळ झापलं आणि मग जेवून जायला सांगितलं. सरांच्या स्वतःच्या घरी लक्ष्मी आक्का तर सगळ्यात जास्त बोलल्या, "गाणं म्हणं! त्या वयात गाणं! पोरींच्या आयाबापांनी तुमच्या गाण्यावर पोरी धाडल्यात व्हय?" सर मान खाली घालून ऐकत होते.

रेणुकाचं घर शेवटी. यल्लाप्पा अंघोळ करून ओट्यावर बसला होता. दाराच्या फटीतून रेणुका दिसत होती, श्वास रोखून उभी. सरांनी वाक्य सुरू केलं तसा त्याने हात वर केला.

"ऐकलंय मी. तिथंच होतो."

"मग," सर म्हणाले, "तुमी म्हणाल तसं. गाडी इकतो. पोरी पाठवू नका म्हणालासा तर त्ये बी बरोबर हाय."

यल्लाप्पाने ओट्यावर सरकून सरांना जागा केली. मग म्हणाला, "गप बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पोरगी तुमच्याकडं का धाडली हे माझं मला कळलं आज." आणि आत बघून, "रेणुका, चा टाक. सर, गाडी इकू नका. सामन्याच्या दिवशी हवा मी बघणार. मी बघितल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

आतून रेणुकाची अशी किंकाळी आली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सरांनी यल्लाप्पाचे दोन्ही हात धरून इतके हलवले की तो बिचारा लाजून हसायला लागला. तो हसतो हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी यल्लाप्पा सुट्टी टाकून यायचा. गुडघ्यावर बसून चारही टायर आणि स्टेपनी बघायचा, मगच मान हलवायचा. दार लावून घेतलेली ती आईसुद्धा एक दिवस मुलीला घेऊन गाडीपाशी आली, यल्लाप्पाचं काम संपेपर्यंत उभी राहिली आणि मग मुलीला आत बसवून गेली.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, धारवाडच्या सामन्यात. खरं तर मी जाणार नव्हते. सकाळी खासबागेच्या बाजारातून भाजी घेऊन परतत होते, तोच व्हॅन भर रस्त्यात माझ्याशेजारी थांबली. मागे बस हॉर्न वाजवायला लागली.

"बाई, बसा! धारवाडला जाऊया!"

"अहो, हातात भाजी आहे माझ्या."

"भाजीला बी दाखवूया खो-खो! चला!"

मुलींनी मला आत ओढलं. सरांच्या छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. गाडी यल्लाप्पा चालवत होता आणि डॉक्टरांनी सरांना ओरडायचं नाही अशी सक्त ताकीद दिलेली होती. मैदानाच्या कडेला मी त्यांना खुर्चीवर बसवलं, माझी भाजीची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, "ही धरा आणि गप बसा." ते बसले. पहिला डाव बसले. दुसरा डावही ओठ मिटून, पिशवीचे बंद पिळत बसले. शेवटचा डाव आला. बरोबरी. वेळ संपत आलेली आणि समोरची शेवटची मुलगी काही केल्या हाती लागेना. रेणुकाला खो मिळाला. ती सुटली, खांबाला वळसा घातला आणि जमिनीला समांतर असा सूर मारला. बोटांची टोकं समोरच्या मुलीच्या पाठीला लागली. शिट्टी!

सर खुर्चीवरून उडाले. दोन्ही हात वर गेले आणि हातांबरोबर माझी पिशवीही. टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, सगळं धारवाडच्या आभाळात. "बाद! बाद! बाद गं माझ्या वाघिणी!" डॉक्टर गेले खड्ड्यात. मुली धावत आल्या, एकमेकींवर कोसळल्या. यल्लाप्पा तिथेच गोल गोल फिरत होता.

त्यानंतर दिवाळीच्या आधी सर गेले, झोपेतच. काकतीहून फोन आला तेव्हा मला त्यांचा आवाज आठवेल असं वाटलं होतं. आठवलं ते दुसरंच. टोपी पडलेली, गुडघे मातीत, आणि आनंदाने तोंडभर हसत सर त्या मैदानावर रांगत माझे टोमॅटो गोळा करतायत. चेंगरलेला एक उचलून ते मला दाखवत होते.

"बाई, ह्यो गेला हो कामातनं! राहू द्या. मुलींनो, या, खाऊन टाका!"